तांबडं पाणी, काळा गाळ आणि नितळ धोका

पावसाळा ओसरला की या स्तंभाकडे पाण्याविषयीची पत्रं वाढतात. या वेळी चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेली बहुतेक पत्रं पाण्याच्या रंगाबद्दल आणि वासाबद्दल आहेत. त्यांतली निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला उपयोगी पडतं.

प्रश्न : आमच्या गावच्या बोरिंगचं पाणी भरताना नितळ असतं. तासाभरात पिवळसर होतं आणि सकाळी हंड्याच्या तळाशी विटकरी गाळ दिसतो. ओट्याभोवती साचलेल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो. कुणी म्हणतं खाली डिझेल आहे, कुणी म्हणतं सुरजागडच्या खाणीमुळे असं होतं. खरं काय?
*– एक शिक्षक, आरमोरी तालुका*

आधी तवंग पाहू, कारण त्याची परीक्षा काडीनं होते. तवंगात काडी फिरवा. तो पातळ पापुद्र्यासारखा तुटला, त्याचे कोनाकोनांचे तुकडे झाले आणि ते वेगवेगळेच तरंगत राहिले, तर ते तेल नव्हे. तेल काडीमागून पुन्हा एकत्र येतं. तुमच्याकडचा तवंग बहुधा तुटेल. तो लोहाच्या गंजाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्या पातळपणामुळेच त्यावर इंद्रधनुषी रंग दिसतात.

आता सुरजागड. एटापल्ली तालुक्यातला तो डोंगर तुमच्यापासून सरळ रेषेतही शंभरेक किलोमीटर लांब आहे. शिवाय पाण्यात लोह यायला लोहखनिजाची खाण लागत नाही. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे 5 टक्के लोह आहे. तुमच्या शेतातल्या मुरमाचा तांबूस रंग त्याचाच. मात्र हे लोह गंजाच्या रूपात असतं आणि गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो विरघळण्याजोगा करण्याचं काम जमिनीतले सूक्ष्मजीव करतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल आहे. पानगळीचा कुजलेला अंश पावसाच्या पाण्याबरोबर खाली मुरतो आणि तो जिवाणूंचं अन्न होतो. अन्न जाळून ऊर्जा मिळवायला आपल्याला ऑक्सिजन लागतो, तसा त्यांनाही. पण पाण्याखालच्या मातीत ऑक्सिजन लवकर संपतो. मग जवळची विहीर आटली की गाव पुढच्या विहिरीकडे वळतं, तसे जिवाणू एकेक पर्याय धुंडाळतात. ऑक्सिजननंतर नायट्रेट, मग मँगनीज, मग लोहाचा गंज, त्यानंतर सल्फेट आणि अगदी शेवटी मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी. श्वसनासाठी गंज वापरला गेला की लोहाचं रूप बदलतं आणि ते पाण्यात विरघळतं. अशा पाण्याला रंग नसतो. गंजावर जगणारा असा एक जिवाणू अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला. 1987 मध्ये त्याविषयी प्रसिद्ध झालं. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळालं.

तुम्ही बोरिंग हापसता तेव्हा हे पाणी पहिल्यांदा हवेला भेटतं. विरघळलेलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावून पुन्हा गंज होतं. आधी पिवळं, मग विटकरी, मग तळाशी. याही टप्प्यावर जिवाणू हजर असतात, पण ते वेगळ्या जातीचे. गॅलिओनेला आणि लेप्टोथ्रिक्स हे जिवाणू लोह गंजवतात आणि शेवाळासारखा तांबूस बुळबुळीत थर तयार करतात. लोह गंजवून त्यातून ऊर्जा मिळवणारे जीव असू शकतात, ही कल्पना सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं 1888 मध्ये मांडली. तुमच्या ओट्याच्या नालीत त्यांचीच वस्ती आहे. ते रोग पसरवत नाहीत, पाइप मात्र तुंबवतात.

प्रश्न : याच बोरिंगपासून वीस पावलांवर उघडी विहीर आहे. तिचं पाणी लाल होत नाही, म्हणून बाया विहिरीवर किंवा नाल्यावर जातात. त्या बरोबर करतात का?
*– तेच शिक्षक*

विहीर उघडी असल्यामुळे तिच्या पाण्यात हवा मिसळत राहते. लोह तिथेच गंजून तळाशी बसतं आणि वर येतं ते नितळ पाणी. त्यात उथळ थरातलं ताजं पावसाचं पाणीही असतं. लोह नसणं म्हणजे पाणी सुरक्षित असणं नव्हे, हा मुद्दा शेवटच्या उत्तरात सविस्तर येईल.

आधी लोह जमिनीतलं की पाइपचं, ते ठरवा. सकाळचे पहिले एक-दोन हंडे लाल येऊन पुढचं पाणी नितळ राहिलं, तर रात्रभर पाण्यात उभा असलेला लोखंडी पाइप गंजतोय. प्रत्येक हंडा भरताना नितळ आणि नंतर लाल होत असेल, तर लोह जमिनीतलं. घरगुती पडताळणी हवी असेल, तर ताज्या पाण्यात हिरड्याचा काढा थोडा टाका. हिरड्यातलं टॅनिन लोहाशी मिळून काळसर-निळा रंग देतं. अशा पाण्याचा चहा काळा पडतो तो यामुळेच. पूर्वी हिरडा आणि हिराकस वापरून शाई करत, त्यामागेही हीच क्रिया.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) लोहाची मर्यादा 2012 मध्ये लिटरला 0.3 मिलिग्रॅम होती. 2015 च्या दुरुस्तीनं ती 1 मिलिग्रॅम झाली. ही मर्यादा मुख्यतः चव, रंग आणि डाग यांचा विचार करून ठरलेली आहे. उपाय सोपा आहे. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओता, रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळून घ्या. बोरिंगला जोडायची लोह-निष्कासन टाकी याच तत्त्वावर चालते. तिची वाळू वेळोवेळी धुतली नाही, तर ती काही महिन्यांत बंद पडते.

एक सावधगिरी. लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटून राहतं. जिवाणूंनी गंज विरघळवला की तेही सुटं होतं. बंगालच्या गाळप्रदेशात असंच घडलं. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावाच्या परिसरात, भूजलात आर्सेनिक सापडल्याचं 1999 पासून नोंदलेलं आहे. तिथे ते मुळात खडकातूनच येतं. तुमच्या पाण्यात ते आहे असा याचा अर्थ नाही. पण कोरची-कुरखेड्याकडच्या गावांनी पाणी तपासणीला देताना लोहासोबत आर्सेनिकचीही तपासणी मागावी.

प्रश्न : चिखलणी करताना धानाच्या बांधीतला खालचा चिखल काळा निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो चिखल बांधावर टाकला की दोन दिवसांत तांबूस होतो. असं का?
*– इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, सिंदेवाही तालुका*

तुझं निरीक्षण फार चांगलं आहे. वरच्या उत्तरातली पर्यायांची रांग आठव. बांधीत पाणी साचलं की ऑक्सिजन, नायट्रेट आणि लोह यांच्यानंतर काही जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. वास त्याचा. हा वायू विरघळलेल्या लोहाला भेटला की लोह सल्फाइड तयार होतं. चिखलाचा काळेपणा तोच. बांधावर हवा लागली की ते पुन्हा गंजतं आणि तांबूस होतं.

धानाचं रोप उपटून मुळं धुऊन पाहा. त्यांच्यावर तांबूस लेप दिसेल. धानाच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात. पानांतली हवा त्यांतून मुळांपर्यंत जाते आणि थोडी बाहेर झिरपते. त्या ऑक्सिजनमुळे मुळाभोवतीचं लोह तिथेच गंजतं. हा लेप आर्सेनिकसारखी काही विषारी द्रव्यं अडवून धरतो.

याचा शेतीशी थेट संबंध आहे. नायट्रेटची पाळी लोहाच्या आधी येते, म्हणून साचलेल्या बांधीत नायट्रेटच्या रूपातलं खत टाकलं तर जिवाणू त्याचा बराचसा भाग वायू करून हवेत सोडतात. धानाला युरिया किंवा अमोनियम सल्फेट देतात, त्यामागे हे कारण आहे. आणि ज्या बोरिंगचं पाणी तांबडं होतं, त्यात नायट्रेट बहुधा कमीच सापडतं, कारण लोहाची पाळी येण्याआधी ते संपलेलं असतं.

प्रश्न : टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाणी एकदम लाल होतं. गावकरी म्हणतात पावडर खराब आहे. ओटी (उरलेलं क्लोरीन दाखवणारी चाचणी) घेतली तर कधी क्लोरीन दिसत नाही, कधी पिवळा रंग येतो. काय करू?
*– एका ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, धानोरा तालुका*

दोष पावडरचा नाही. हवा जे काम तासाभरात करते, ते क्लोरीन क्षणात करतं. पण त्यात ते स्वतः खर्ची पडतं. 1 मिलिग्रॅम लोह गंजवायला सुमारे 0.64 मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅम लोह असेल, तर 1000 लिटरमागे जवळजवळ 2 ग्रॅम क्लोरीन लोहातच जातं. 33 टक्क्यांच्या पावडरीच्या हिशेबानं ते 6 ग्रॅमच्या आसपास होतं. नेहमीची मात्रा 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम. म्हणजे तुम्ही टाकलेली सगळी पावडर लोहानं खाल्ली आणि जंतूंसाठी काही उरलं नाही.

म्हणून क्रम बदला. टाकीत चढवण्याआधी पाणी हवेशीर करा, वाळूतून गाळा आणि मगच पावडर टाका. शेवटच्या नळाला लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. गंज तरंगत असलेल्या पाण्यात ओटीचा पिवळा रंगही फसवतो, कारण गंजलेलं लोह आणि मँगनीज तसाच रंग देऊ शकतात. ओटी गाळलेल्या पाण्यावरच घ्या.

प्रश्न : आमच्या बोरिंगचं पाणी स्वच्छ, थंड, चवीला छान. पण गावातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. पाणी उकळून प्यायलो तर चालेल का?
*– एक आई, भद्रावती तालुका*

ताई, उकळू नका. हे पट्टे फ्लोराइडचे असण्याची शक्यता मोठी आहे आणि उकळल्यानं ते वाढतं. पाणी वाफ होऊन जातं, फ्लोराइड मागे राहतं.

चंद्रपूर हा राज्यातल्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांपैकी एक. हे फ्लोराइड कारखान्यातून यावं लागत नाही. अभ्रक, अ‍ॅपेटाइट अशा खनिजांतून ते शेकडो वर्षं पाण्यात उतरत असतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात ते मोकळं राहतं. असं पाणी बहुधा खोल बोरिंगमध्ये मिळतं आणि ते मऊ, चवीला छान असतं. तुमच्या पाण्याची चव चांगली असण्यात म्हणूनच दिलासा नाही.

वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. सांडपाणी, नायट्रेट, पेट्रोल, कित्येक कीटकनाशकं ही संयुगं आहेत. योग्य परिस्थितीत जिवाणू ती मोडून खातात, म्हणून माती काही प्रमाणात स्वतःला स्वच्छ करते. लोह आणि आर्सेनिक ही मूलद्रव्यं. ती कुणी मोडू शकत नाही, फक्त त्यांचं रूप बदलतं. फ्लोराइडच्या बाबतीत तर तेवढंही होत नाही. जमिनीतला कोणताही जिवाणू त्याच्यावर श्वास घेत नाही. वाट पाहून ते कमी होणार नाही.

मानकानुसार फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल, तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. दातांचं नुकसान पक्के दात हिरड्यांखाली घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत होतं आणि ते भरून येत नाही. या मर्यादेहून बरंच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर हाडं आणि सांधे आखडतात. नागपूरच्या नीरी संस्थेनं सत्तरच्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत विकसित केली. ती उपयोगी आहे, पण मात्रा रोज अचूक पाळावी लागते. म्हणून पहिला पर्याय स्रोत बदलण्याचा. पिण्या-स्वयंपाकाला उथळ विहिरीचं तपासलेलं, निर्जंतुक केलेलं पाणी किंवा नळयोजनेचं पाणी, आणि धुण्या-भांड्याला बोरिंग. लहान मुलांच्या घरांनी हे आजपासून करावं.

प्रश्न : रामाळा तलावात येणारं सांडपाणी थांबवलं, तर जलपर्णी आपोआप जाईल का? गाळ काढण्यावर खर्च कशाला?
*– एक वाचक, चंद्रपूर शहर*

सांडपाणी थांबवणं ही पहिली पायरी. त्याशिवाय बाकी सगळं फुकट. पण तेवढ्यानं हा गोंडकालीन तलाव लगेच निवळणार नाही. अनेक वर्षांच्या सांडपाण्यातला फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाच्या गंजाला चिकटून साठलेला असतो. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की जिवाणू तो गंज वापरू लागतात, गंज विरघळतो आणि फॉस्फरस मोकळा होऊन वर येतो. जलपर्णीचं ते खत. बाहेरची आवक थांबली, तरी तळातली ही आवक काही वर्षं चालू राहते. म्हणून गाळ काढावा लागतो.

जंगलाकडच्या गावातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा किंवा बोडीचा गाळ शेतात टाकायला उत्तम. शहरी तलावाचा गाळ मात्र जड धातूंची तपासणी केल्याशिवाय शेतात नेऊ नये.

प्रश्न : घुग्घुसकडच्या कोळसा खाणींचं पाणी आम्लधर्मी असतं म्हणे. त्यातही जिवाणू जगतात?
*– एक वाचक, घुग्घुस*

जगतातच, शिवाय ते आम्ल त्यांच्यामुळेच झपाट्यानं वाढतं. कोळशातलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, हवेला उघडं पडलं की गंजून गंधकाम्ल बनतं. हे काम कित्येक पट वेगानं करणारा जिवाणू 1947 मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणीच्या पाण्यात सापडला. आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधक ईशान्य भारतातल्या कोळशापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून इथे मेघालयासारखी स्थिती सहसा होत नाही. पण पायराइटचे थर सगळीकडे सारखे नसतात. खाणीच्या पाण्याचा सामू, सल्फेट, लोह आणि मँगनीज तपासल्याशिवाय ते पिऊ नका, शेतालाही देऊ नका.

प्रश्न : मग नितळ पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे गावातल्या गावात कसं कळणार?
*– एका बचत गटाच्या सदस्य, मूल तालुका*

माती ही उत्तम गाळणी आहे. जंतू साधारण मायक्रॉनभर लांबीचे असतात. बारीक मातीच्या फटींत ते अडकतात, कणांना चिकटतात, मातीतले दुसरे जीव त्यांना खातात आणि बहुतेक काही आठवड्यांत मरतात. पाणी मातीच्या जाड थरातून हळूहळू मुरलं, तर पाझरून येणारं पाणी बऱ्यापैकी शुद्ध असतं. पण तुमच्या भागात मुरमाखाली कठीण खडक आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून वाहतं. भेग गाळत नाही. पावसाळ्यात शौचालयाच्या खड्ड्यातलं किंवा उकिरड्यातलं पाणी भेगेतून काही तासांत विहिरीपर्यंत पोचू शकतं. फुटका ओटा आणि त्याभोवती साचलेलं डबकं ही बोरिंगमध्ये जंतू शिरण्याची सर्वात सोपी वाट. उघड्या विहिरीचं आणि नाल्याचं पाणी तर या गाळणीतून पुरतं गेलेलंच नसतं.

तपासणीसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली मागा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मंजा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ही स्वस्त चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या पट्टीत गंधक आणि लोहाचे क्षार असतात. आतड्यातून येणारे काही जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि बाटली काळी होते. सिंदेवाहीच्या मुलीनं बांधीत पाहिलेला काळा रंग आणि हा रंग एकच, लोह सल्फाइड. पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवा आणि 24 ते 48 तासांनी पाहा. काळी झाली तर पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका. मुळातच सडक्या अंड्याचा वास असलेल्या पाण्यात ही चाचणी चुकू शकते, तिथे प्रयोगशाळाच बरी.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तर रासायनिक तपासणी एकदा व्हावी असा नियम आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, संच कुठे आहे आणि ग्रामपंचायतीला या वर्षी पाण्याच्या सुरक्षिततेसाठी लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. तांबड्या पाण्याच्या बोरिंगला वाळूची टाकी बसवून घ्या, पण केवळ रंगामुळे ते सोडून नाल्यावर जाऊ नका. आणि जे पाणी आजवर कधी तपासलंच गेलं नाही, ते कितीही नितळ दिसलं तरी पहिला नमुना त्याचाच द्या.